पहिली उचल

त्या शुक्रवारी खेळाडूंची उचल झाली. आमच्या संघाने बॅक घेतला. फॉरवर्ड दोह्याच्या संघात गेला. हे घरी आले, हात धुतले आणि जेवले नाहीत.

यात बदललं काय, असं कुणीही विचारेल. हॉकीचा संघ, तोही नोकरदारांचा, शुक्रवारी दुपारी वाळूच्या मैदानावर खेळणारा. जिंकला तर फोटो, हरला तर तोच फोटो, फक्त माणसं कडेला बघणारी. पण त्या दिवसापासून आमच्या घरात एक प्रश्न राहायला आला, आणि हे गेल्यावरही तो घर सोडायला तयार नव्हता.

आम्ही तेव्हा कतारमध्ये, मेसईदला होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. हे खताच्या कारखान्यात इंजिनिअर होते. कंपनीची वसाहत होती, एकसारखी घरं, वाळूच्याच रंगाची. वारा फिरला की अमोनियाचा वास थेट ओट्यापर्यंत यायचा आणि कांदा न चिरताच डोळ्यांना पाणी यायचं. मी मूळची खडकीची. आमच्या घराजवळ हॉकीचं मैदान होतं. मुलींना खेळू देत नसत, पण बघायला कुणाची ना नव्हती. शाळेतून येताना दप्तर मांडीवर घेऊन मी खेळ बघत बसायची. त्यामुळे लग्नानंतर मला ह्यांच्याबद्दल जी पहिली गोष्ट आवडली ती त्यांची स्टिक. नाशिकहून येताना त्यांनी ती कपड्यांच्या बॅगेत तिरकी बसवून आणली होती.

तिथे चार संघ होते. मेसईदचा आमचा, दोह्याचा, आणि आणखी दोन. माणसं कंत्राटावर यायची-जायची, म्हणून दरवर्षी ऊन उतरलं की चारही कप्तान एका शुक्रवारी दोह्यात जमायचे आणि नव्याने आलेले खेळाडू आळीपाळीने वाटून घ्यायचे. याला आम्ही उचल म्हणायचो. हा शब्द आणला नगरकडच्या एका फिटरने. त्यांच्याकडे ऊसतोडीच्या मजुरांना हंगामाआधी आगाऊ पैसे देतात, त्याला उचल म्हणतात. इथे हंगामाआधी माणूसच उचलायचा, म्हणून त्याने थट्टेने तोच शब्द वापरला आणि तो रुजला. आदल्या वर्षी जो संघ तळाला राहिला, त्याची पहिली उचल. त्या वर्षी पहिली उचल आमची होती, आणि आमचे कप्तान हे होते.

एक रीत होती. नाव घेण्याआधी कप्तानाने त्या खेळाडूच्या वरच्या माणसाला विचारायचं, की याला शुक्रवारी सोडाल का. त्याने हो म्हटलं की झालं. याला आम्ही शब्द घेणं म्हणायचो. लिहिलेलं काही नसायचं. फोनवरचा एक शब्द.

त्या वर्षी नवे दोघेच नाव घेण्यासारखे होते. एक नागपूरचा बॅक, उंच, शांत, रेल्वेच्या मैदानांवर खेळलेला. दुसरा दापोलीकडचा फॉरवर्ड. हा उत्तरेला रुवैसच्या बंदरात, बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. मासेमारीच्या लाँचना बर्फ पुरवायचं काम. आजमावणीच्या दिवशी मी दोघांना पाहिलं होतं. बॅक चांगला होता. फॉरवर्डचं मात्र काही वेगळंच होतं. चेंडू त्याच्या स्टिकला लागलेला आहे की नाही हे कळायचं नाही, आणि समोरचा दुसऱ्याच दिशेला गेलेला असायचा. घरी येताना बसमध्ये मी ह्यांना म्हटलं, "यात विचार करण्यासारखं काही नाही."

"नाहीच," हे म्हणाले.

माझ्या कानाने ऐकलेलं आहे. नाहीच.

फॉरवर्डच्या वर जे फोरमन होते, ते आमचे चांगले ओळखीचे. रत्नागिरीचे, वयाने मोठे, आखातात तीसेक वर्षं काढलेले. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. एका ईदला ह्यांची त्यांची गाठ पडली, मराठीत बोलणं झालं, आणि तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी आमच्या दारात थर्माकोलची पेटी यायची. रुवैसहून मासळीचा पिकअप दोह्याच्या बाजारात यायचा, तिथून कंपनीच्या बसचा ड्रायव्हर पेटी आणून द्यायचा. आत बर्फात हमूर नाहीतर सुरमई. पैसे विचारले की चाचा म्हणायचे, "बर्फ कारखान्याचा, मासा समुद्राचा, माझं काय आहे त्यात?" मी पेटी परत पाठवताना त्यात वाचून झालेली मासिकं घालायची. ती ओली होऊ नयेत म्हणून पिशवीला गाठ मारायची.

उचलीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, ह्यांनी चाचांना फोन लावला. मी कणीक मळत होते. फोन बाहेरच्या खोलीत होता. बोलणं लवकर संपलं. हे स्वयंपाकघराच्या दारात आले, चौकटीला टेकून थोडं थांबले आणि म्हणाले, "चला, तेही खलास."

मला वाटलं, मासळी. या आठवड्यात पेटी नाही. मी बरणीतून मटकी काढली आणि भिजत घातली. उसळ करू म्हटलं.

शुक्रवारी सकाळी हे दोह्याला गेले आणि ते गेल्यावर पेटी आली. नेहमीसारखी, वर सुतळी बांधलेली. मी मासे फ्रीजरमध्ये ठेवून दिले, कारण उसळ झाली होती. संध्याकाळी हे आले. मी ताट वाढलं.

"घेतला ना त्याला?"

"बॅक घेतला."

"आणि तो?"

"तो मिळण्यासारखा नव्हता." मग थोड्या वेळाने, "दोह्याने घेतला त्याला."

"मिळण्यासारखा नव्हता तर दोह्याला कसा मिळाला?"

 ह्यांनी उठून हात परत धुतले. हात एकदा धुतलेलेच होते.

ती शेवटची पेटी. पुढच्या शुक्रवारी आली नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही. ह्यांनी दोनदा रुवैसला फोन लावला. दोन्ही वेळा पलीकडून कुणीतरी सांगितलं, चाचा गोदामात आहेत. नंतर ह्यांनी फोन लावणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाले, "असतील कामात."

हे सगळं एवढ्यावर राहिलं असतं तर मी विसरले असते. पण तीन-चार आठवड्यांनी माझ्या धाकट्या दिराला दोह्यातल्या वेस्ट बेमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत नोकरी लागली. आधी वर्षभर तो नाशिकहून अर्ज पाठवत होता. तो आला, आमच्याकडे राहिला, पहिल्या दिवशी ऑफिसला जाताना सासूबाईंच्या सांगण्याप्रमाणे मी त्याच्या हातावर दही ठेवलं. संध्याकाळी तो परत आला आणि हसत म्हणाला, "वहिनी, आमचे सेक्शन हेड कोण आहेत माहितेय? दादाचे हॉकीवाले. दोह्याचे कप्तान."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पेपर वाचत होते. पान उलटलं नाही.

संशय कसा वाढतो हे मी पुस्तकांत पुष्कळ वाचलं होतं. प्रत्यक्षात तो वाढत नाही, तो एकदम पुरा येतो आणि मग त्याला नुसते पुरावे सापडत राहतात. हे दोह्याच्या कप्तानांशी फोनवर बोलताना आवाज खाली आणतात की मलाच तसं वाटतं? दिराच्या पहिल्या पगाराला त्या कप्तानांकडे मिठाई कुणी पाठवली? मीच पाठवली होती, ह्यांच्या सांगण्यावरून. चाचा का बोलत नाहीत? त्यांना कळलं असेल म्हणूनच ना? मासे येत नाहीत म्हणजे कुणीतरी काहीतरी केलं आहे. आणि करण्यासारखं आमच्या घरात एकाकडेच होतं.

दिराचं मला कळलं तसं वसाहतीलाही कळलं. तिथे कुणाच्या घरी कोणती भाजी झाली हे वासावरून कळायचं, आणि हे तर नोकरीचं होतं.

फॉरवर्डने पहिल्याच हंगामात आमच्याविरुद्ध दोन गोल केले. दुसऱ्या हंगामात नागपूरच्या बॅकचा गुडघा दुखावला, तो निम्मे सामने कडेला बसून होता आणि मग कंत्राट संपून गेला. फॉरवर्ड राहिला. दोह्याचा संघ वर्षानुवर्षं वर आणि आम्ही खाली. प्रत्येक पराभवानंतर बोलणं तिथेच येऊन थांबायचं. त्या वर्षी त्याला उचलला असता तर.

यात सगळ्यात पुढे असायचे ते प्रयोगशाळेत काम करणारे एक गृहस्थ. आम्ही त्यांना लॅबवाले म्हणायचो. पुण्याचेच, सदाशिव पेठेतले. त्यांनी स्वतः कधी स्टिक धरली नव्हती, पण एकही सामना चुकवला नाही. शुक्रवारी रात्री परतीच्या बसमध्ये ते मधल्या रांगेत बसायचे, म्हणजे पुढच्यांना आणि मागच्यांना सारखंच ऐकू जाईल.

"मी काय म्हणतो, बॅक कशाला घेतात? गोल खाऊ नये म्हणून. आणि आपण गोल किती खाल्ले? मग बॅक कशाला घेतला?"

"अहो, गुडघा कुणाच्या हातात असतो का?" मागून कुणीतरी.

"गुडघा नसतो. नाव घेणं असतं."

"लॅबवाले, झालं ना ते आता. यल्ला, विषय बदला."

"बदलतो. पण एवढंच सांगा, पहिली उचल आपली असताना चांगला माणूस दुसऱ्याला सोडणारा संघ जगात दुसरा दाखवा."

हे माझ्या शेजारी खिडकीशी बसलेले असायचे. बाहेर गॅसच्या ज्योती दिसायच्या, दूर, एकेकट्या. हे त्यांच्याकडे बघत राहायचे.

संक्रांतीला वसाहतीतल्या हॉलमध्ये तिळगूळ होता. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मुलं मधून पळत होती आणि एकमेकांशी इंग्रजीत भांडत होती. लॅबवाल्यांनी ह्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घ्या साहेब, गोड बोला. फक्त एक शंका आहे हो. त्या वर्षी पहिली उचल घेतली कुणी, संघाने की साहेबांनी?"

नगरकडचा फिटर आधी हसला, कारण शब्द त्याचा होता आणि त्याचे दोन्ही अर्थ त्यालाच सगळ्यांत आधी कळले. मग बाकीचे हसले. कुणी मोठ्याने नाही. हे पण हसले. तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हणाले, "लॅबवाले, तुमचा तिळगूळ कडक झालाय, पाकाला फार वेळ दिलात." मग हॉलभर हशा झाला. पण मी समोरच उभी होते, वाणाच्या वाट्या हातात घेऊन, आणि मला ह्यांचा चेहरा दिसत होता.

त्या रात्री घरी आल्यावर मी विचारलं. लांबण न लावता विचारलं. "भाऊजींची नोकरी आणि उचल, यांचा काही संबंध आहे का?"

हे बुटांची नाडी सोडत होते. वर बघून म्हणाले, "तुलाही वाटतं?"

मी म्हटलं, "मला वाटण्याचा प्रश्न नाही. तुम्ही सांगा."

"मी चाचांचा शब्द घेऊन गेलो होतो," हे म्हणाले. "बास."

"मग चाचांनी काय सांगितलं?"

"ते मी इथे कुणाला सांगणार नाही. चाचांचं नाव यात आलं की लोक कुठे नेतील तुला माहीत आहे. आज मला म्हणतात ते परवडलं. उद्या रत्नागिरीवाले असेच आणि तमके तसेच, ते सुरू होईल. ते मला या वसाहतीत नको आहे."

हे मोठं उत्तर होतं आणि मला ते पुरलं नाही. मला वाटलं, मोठ्या गोष्टीच्या आड लहान गोष्ट लपवता येते. ज्याला काही सांगायचं नसतं तोही असंच बोलेल. आणि खरं असेल, तर चाचांनी ह्यांना फसवलं असणार. ज्या माणसाने वर्षभर मासे पाठवले त्याने. मग तेही खरं वाटेना. दोघांतला एक खोटा होता आणि मला दोघंही आवडत होते. पुढे आम्ही हा विषय काढला नाही. संसार नीट चालला. पण ह्यांनी घरात काही चांगलं केलं तरी माझ्या मनात एक बारीक आवाज यायचा, की हे कशाबद्दल?

वर्षं गेली. वेस्ट बेमध्ये एकामागून एक इमारती उठल्या. दिराने लग्न केलं, दोह्यात भाड्याचं घर घेतलं. फॉरवर्डच्या पायातला वेग कमी झाला तरी तो चेंडूला सोडत नव्हता. लॅबवाल्यांच्या डोक्यावरचे केस गेले आणि त्यांचं वाक्य तेच राहिलं. नवे लोक आले, त्यांनी फॉरवर्डला तरुणपणी पाहिलंही नव्हतं, पण तेही बसमध्ये म्हणायचे, "त्या वर्षी साहेबांनी त्याला सोडला." जणू ते सांगणं घराच्या किल्लीबरोबर मिळत होतं.

मग एका सकाळी हे कारखान्यात असताना छातीत दुखलं. दवाखान्यात नेईपर्यंत गेले. त्याबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही. ह्यांना आम्ही नाशिकला नेलं. महिन्याने घर आवरायला मी एकटी परत आले. दीर विमानतळावर घ्यायला आला होता. गाडीत मी त्याला विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊजी, तुमची नोकरी दोह्याच्या कप्तानांमुळे लागली का?"

"हो," तो म्हणाला, लगेच. "त्यांनीच शब्द टाकला होता."

"कधी?"

"उन्हाळ्यात. दादाने माझा बायोडेटा त्यांना दिला होता. व्हिसाला वेळ लागला, नाहीतर तेव्हाच आलो असतो. का हो वहिनी?"

"काही नाही."

उन्हाळ्यात. म्हणजे उचलीच्या आधी. आधी म्हणजे संबंध नाही, की आधी म्हणजे ठरवूनच? त्या उत्तराने मला काहीच मिळालं नाही. गाडीच्या काचेवर वाळू बसत होती आणि वायपर ती नुसती इकडून तिकडे करत होता.

घर निम्मं रिकामं झालं होतं, भांडी खोक्यांत गेली होती, तेव्हा दारावर चाचा आले. म्हातारे झाले होते. रुवैसहून कुणाच्या तरी पिकअपमध्ये बसून आले होते. हातात काही नव्हतं. खुर्च्या बांधून ठेवलेल्या होत्या, म्हणून ते खोक्यावर बसले. मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरून ठेवला.

"भाभी," ते म्हणाले, "मी इतकी वर्षं आलो नाही. आता येऊन उपयोग नाही, माहीत आहे. पण साहेब गेले आणि मला झोप लागेना. माझ्या मनात त्यांच्याबद्दल वाईट आहे. मेलेल्या माणसाबद्दल ठेवू नये. म्हणून आलो. तुम्ही सांगा, त्यांनी माझी जबान का पाडली?"

"तुमची जबान?"

"माझ्या हाताखालच्या पोराला घेतो बोलले आणि सोडला. मी त्याला सांगून बसलो होतो, तू मेसईदला जाणार, साहेब आपला माणूस आहे. जुम्म्याच्या दिवशी कळलं, साहेबांनी दुसऱ्याचं नाव घेतलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग दोह्याच्या साहेबांचा फोन आला, मी बोललो, घेऊन जा."

मी त्यांच्यासमोर दुसऱ्या खोक्यावर बसले. "चाचा, गुरुवारी ह्यांनी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? साहेबांनी विचारलं, शुक्रवारी सोडाल का त्याला. इथून तिथून गाडीचा आवाज, लाँच लागलेली, बर्फ चढत होता. मी बोललो, 'तो? तो खलास, साहेब.' आणि फोन ठेवला."

"खलास म्हणजे?"

"खलास म्हणजे खलास." त्यांना माझा प्रश्नच कळेना. "झालं. ठरलं. तुमचा. इथे अरबाला माल दिला, त्याने खलास बोललं की बात पक्की. दुसरा शब्द लागत नाही."

 उचलीच्या त्या महिन्यांत आमच्या वसाहतीत तो शब्द रोज कानावर यायचा. कंपन्या माणसं कमी करत होत्या. अमक्याचा व्हिसा खलास, तमका खलास, पुढच्या विमानाने चालला. नाशिकहून येऊन चार वर्षं झालेल्या माणसाने फोनवर ऐकलं, तो खलास. त्याने काय समजावं?

"चाचा," मी म्हटलं, "आमच्याकडे माणूस खलास झाला म्हणजे संपला."

 त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग फार हळू म्हणाले, "आमच्याकडेही तेच म्हणतात, भाभी. रत्नागिरीत तेच म्हणतात." आणि पुन्हा थोड्या वेळाने, "इथल्या इतक्या वर्षांत विसरून गेलो."

"मग ह्यांनी दोनदा फोन केला तेव्हा तुम्ही फोनवर का आला नाहीत?"

"राग होता. पोरांना सांगितलं होतं, मेसईदचा फोन आला तर मी गोदामात. साहेबांनी तरी तिसऱ्यांदा का नाही केला?"

"त्यांना वाटलं, तुम्ही त्यांना फसवलंत."

"आणि मला वाटलं, त्यांनी मला." चाचांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "एक शब्द अजून बोललो असतो तर. 'तुमचा' एवढंच. पण लाँच उभी होती."

ते गेल्यावर मी तिथेच बसले. माझा स्वभाव वाईट आहे, समोर आलेलं लगेच खरं मानत नाही. मी म्हटलं, म्हातारा माणूस आहे, दुःखाच्या घरी आला आहे, मला बरं वाटावं म्हणून आता असं सांगत असेल. ह्यांनी खरंच तसं ऐकलं याला आधार काय? मिळण्यासारखा नव्हता, एवढंच ते म्हणाले होते. ते तर कुणीही म्हणेल.

आणि मग मला मटकी आठवली.

चला, तेही खलास. ते दारात, मी कणकेत. ते मी माझ्या कानाने ऐकलं होतं, उचलीच्या आदल्या दिवशी, दोह्याने कुणाला घ्यायच्या आधी, कुणी काही विचारायच्या आधी. मी ते माशांचं समजले आणि मटकी भिजत घातली. दुसऱ्या दिवशी मासे आले. मासे खलास नव्हते. मग खलास काय झालं होतं, हा प्रश्न त्या सकाळी माझ्या हातात थंडगार पेटीसकट होता आणि मी तो फ्रीजरमध्ये ठेवून दिला. कणीक मळणाऱ्या बायकोसमोर, तिला काही कळणार नाही अशा दोन शब्दांत, कोण खोटं बोलतं? बोलून मिळवायचं काय? त्यांच्या आवाजात निराशा होती. तो फॉरवर्ड त्यांना हवा होता.

दिराच्या नोकरीचं मी अजूनही पूर्ण सोडवू शकलेले नाही. दोह्याच्या कप्तानांनी उपकार केला हे खरं आहे. त्यांनी त्याबदल्यात काही मागितलं होतं का, हे विचारायला तेही आता कुठे आहेत मला माहीत नाही. कधीतरी दुपारी तो बारीक आवाज येतो. मी त्याला मटकीचं सांगते. बहुतेक वेळा तो गप्प बसतो.

मी पुण्याला परत आले. लॅबवालेही निवृत्त होऊन आले आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन येतो. आधी तब्येतीचं विचारतात, मग हॉकीवर येतात. देशाच्या संघात कुणाला घ्यायला हवं होतं आणि कुणाला घेतलं, हे सांगतात. एकदा मी त्यांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. फोन, लाँच, खलास, पेटी, मटकी. ते मधे एकदाही बोलले नाहीत, हे त्यांच्या बाबतीत नवल होतं. शेवटी एवढंच म्हणाले, "अरेरे. साहेबांना मी फार बोललो हो."

मी म्हटलं, "बोललात खरे."

 मला वाटलं फोन कट झाला. मग त्यांचा आवाज आला, जरा चाचरत. "वहिनी, ते सगळं बरोबर. पण तो मिळणार नव्हता असं धरलं, तरी बॅक घ्यायला नको होता. आणखी एक लेफ्ट इन होता त्या वर्षी, आठवतो का तुम्हाला?"

मला आठवत होता. मी म्हटलं, तो उंचीने कमी पडला असता. ते म्हणाले, हॉकीत उंची कोण बघतं. अर्धा तास आम्ही बोललो.

चाचा रत्नागिरीला परत गेले. त्यांचा फोन येत नाही, पण दिवाळीला कुणाच्या तरी हातून कोकम येतं. फॉरवर्ड कुठे आहे माहीत नाही. मेसईदचं घर कंपनीने दुसऱ्या कुणाला दिलं. ह्यांची स्टिक माझ्याकडे आहे, पुस्तकांच्या कपाटाशेजारी उभी. वसाहतीतली बहुतेक माणसं पांगली, आणि ती जिथे असतील तिथे अजून म्हणत असतील, की त्या वर्षी साहेबांनी त्याला सोडला.